चर्चमधल्या मैफलीला तिकीट नको, तालीम हवी

नाताळ तोंडावर आला की गोव्यात आणि मुंबईत चर्चमधल्या मैफलींच्या जाहिराती फिरायला लागतात. दिव्यांनी उजळलेल्या जुन्या चर्चचा फोटो, बाहेरगावाहून किंवा परदेशातून येणाऱ्या क्वायरचं, म्हणजे समूहगायकांच्या संघाचं, नाव, आणि खाली बारीक अक्षरांत ‘प्रवेश देणगी-पासवर’. या प्रकाराला सध्या बरे दिवस आहेत. त्यावरून एक वादही धुमसत असतो. वर्तमानपत्रांत कमी, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर जास्त. एक पक्ष म्हणतो, देवाचं घर म्हणजे भाड्यानं द्यायचा हॉल नव्हे. दुसरा म्हणतो, एवढ्या देखण्या वास्तू, आत एवढा सुंदर नाद, आणि संध्याकाळी कुलूप लावून बसायचं हा करंटेपणा आहे.

हे भांडण नको त्या मुद्द्यावर चाललं आहे. चर्चमध्ये संगीत व्हावं की नाही यात वाद घालण्यासारखं काही नाही. व्हावं, आणि वर्षाकाठी एकदा नव्हे, चांगलं मालिकेनं व्हावं. विचारायचं ते हे की गातंय कोण, आणि ऐकायला आत कोणाला येता येतं. दाराशी पास तपासला जात असेल आणि समोर उभ्या असलेल्या गायकांत त्या गावचं एकही माणूस नसेल, तर पहिल्या पक्षाचं म्हणणं मला विनातक्रार मान्य आहे. मग कुलूपच बरं.

कॅथलिक चर्चपुरतं बोलायचं तर याबाबतचे नियम लेखी आहेत. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी व्हॅटिकनच्या उपासनाविषयक विभागानं चर्चमधल्या मैफलींसंबंधी एक पत्रक काढलं. लिहिणाऱ्यांना संगीताचा तिटकारा नव्हता. एके काळी उपासनेत गायलं जाणारं पण आताच्या मिस्सात न बसणारं कितीतरी संगीत मैफलीमुळे कानावर राहू शकतं, हे त्यात मोकळेपणानं मान्य केलं आहे. अटी मात्र कडक आहेत. बिशपांची परवानगी हवी. प्रवेश विनामूल्य आणि सगळ्यांना खुला हवा. गायक-वादकांनी वेदीच्या जागेत उभं राहायचं नाही. पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी भाकर, शक्य तर बाजूच्या कपेलात (छोट्या प्रार्थनागृहात) न्यायचं. संगीताची ओळख करून देणारे चार शब्द आधी बोलायचे. शिवाय खर्च, आवराआवर आणि काही मोडलं-तोडलं तर भरपाई, या सगळ्याची हमी आयोजकांनी लेखी द्यायची. ही शेवटची अट घालणाऱ्यानं कधीतरी मैफलीनंतर स्वतः खुर्च्या उचलल्या असणार.

म्हणजे ‘देणगी-पास’ ही शुद्ध पळवाट झाली. दिल्याशिवाय आत सोडत नाहीत, ती देणगी कसली?

पण त्याच पत्रकातली एक अट मला पटत नाही. परवानगी एकेका कार्यक्रमापुरती द्यावी, महोत्सवाला किंवा मैफलींच्या मालिकेला देऊ नये, असं त्यात म्हटलं आहे. हेतू कळतो. आज एक, उद्या चार, असं करता करता चर्चचं सभागृह होऊन बसेल ही भीती खोटी नव्हती. तरीही सुटी, एकुलती एक मैफल काही घडवत नाही. बाहेरचा क्वायर येतो, गातो, टाळ्या घेतो, जातो. गावात मागे उरतात ते फोटो. क्वायर जगतो तालमीवर आणि तालीम जगते तारखेवर. पुढच्या महिन्यात अमुक रविवारी गायचंय हे ठरलेलं असेल तरच दिवसभर बँकेत बसून दमलेला टेनर (पुरुषांतला वरचा सूर गाणारा) मंगळवारी रात्री आठला तालमीला येतो. नाहीतर तो घरी जेवतो आणि झोपतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

मालिकेनं काय साधतं ते पाहायला उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक बंदराकडे वळू. सतराव्या शतकात हे व्यापाऱ्यांचं गाव. गावातले व्यापारी बाजार उघडायची वाट पाहत मारियन चर्चमध्ये जमायचे आणि तिथला ऑर्गनवादक फ्रान्त्स टुंडर त्यांना काहीबाही वाजवून दाखवायचा, अशी आठवण तिथे सांगितली जाते. १६६८ मध्ये टुंडरच्या जागी डीट्रिश बुक्स्टेहूड आला. टुंडरच्या मुलीशी त्यानं लग्नही केलं. या वाजवण्याला त्यानं शिस्त लावली. नाताळाआधीच्या काळातले पाच रविवार ठरवून टाकले. ऑर्गनच्या बाजूला नवे सज्जे बांधून घेतले, म्हणजे सुमारे ४० गायक-वादक वर मावतील. प्रवेश सगळ्यांना फुकट. पैसे गावचे व्यापारी द्यायचे. त्यांना गीतांची छापील पुस्तिका घरपोच मिळायची आणि बसायला जरा बरी जागा. बुक्स्टेहूड चर्चचे हिशेबही सांभाळायचा. व्यापाऱ्यांच्या मंडळांना त्यानं लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत. त्यांत आभार आहेत, यंदा वर्गणी कमी पडली हे नम्रपणे सुचवणं आहे, पुढच्या वर्षी लक्ष असू द्यावं ही विनंती आहे. आपल्याकडच्या कुठल्याही उत्सव समितीच्या खजिनदाराला ही पत्रं आपल्याच कपाटातली वाटतील.

१७०५ च्या शरदात आर्नश्टाट गावचा वीस वर्षांचा ऑर्गनवादक हे संगीत ऐकायला साधारण चारशे किलोमीटर चालत आला. रजा चार आठवड्यांची, राहिला चारेक महिने. परत गेल्यावर वरिष्ठांची बोलणी खाल्ली. योहान सेबास्टियन बाख त्याचं नाव, पुढे थोर संगीतकार झाला, म्हणून ही गोष्ट सगळीकडे सांगतात. मला त्यातली दुसरीच बाब मोलाची वाटते. बाख पोचला तेव्हा ही मालिका तीसेक वर्षं चालू होती. तिकिटाविना, त्याच गावच्या पैशावर, बहुतांशी त्याच गावच्या माणसांच्या जोरावर. त्यानंतरही ती शंभर वर्षं टिकली. बाख येणार म्हणून कोणी ती सुरू केली नव्हती.

आता व्हॅटिकनच्या त्या अटीचं काय करायचं? यावर तोड लाइपझिगच्या थोमास चर्चमध्ये सापडते. तिथल्या मुलांच्या क्वायरची परंपरा १२१२ पर्यंत मागे जाते. दर शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी ही मुलं गातात, ऐकायला जगभरातून माणसं येतात, पण त्याला मैफल म्हणत नाहीत. ती प्रार्थनासेवा असते. मध्ये लहानसं प्रवचन होतं, एखादं स्तोत्र श्रोत्यांनाही गावं लागतं, आणि दाराशी कार्यक्रमपत्रिकेचे दोन-तीन युरो घेतात. हे चर्च ल्यूथरपंथी, त्यांना व्हॅटिकनचा नियम लागूच नाही. पण आपल्या कॅथलिक धर्मग्रामांना (पॅरिशांना) हा मार्ग मोकळा आहे, कारण १९८७ चं पत्रक उपासनेतल्या संगीताला हात लावत नाही. नाताळाआधीच्या आगमनकाळातले चार रविवार, ईस्टरआधीच्या उपवासकाळातले पाच-सहा शुक्रवार, संध्याकाळची प्रार्थना आणि तिच्यात तासभर गायन. मालिका आपोआप तयार होते. बिशपांकडे पळवाट मागायला जावं लागत नाही, आणि पास छापायचा तर प्रश्नच येत नाही. प्रार्थनेला पास कोण लावणार?

गोव्याला तर हे शिकवायचीही गरज पडू नये. सोळाव्या शतकापासून इथल्या चर्चना जोडून पॅरिश शाळा होत्या. तिथे मुलाला धर्मशिक्षणाबरोबर स्वरलिपी वाचायला शिकवत, गळा असेल तर गायला आणि हात असेल तर व्हायोलिन वाजवायला. मेस्त्र म्हणून ओळखला जाणारा गुरुजी हे सगळं एकट्यानं ओढायचा. फेस्ताला, उपवासकाळातल्या मिरवणुकीला, मयताला, सगळीकडे ही मुलं उभी. यामागे पोर्तुगीज सत्तेचा हेतू धर्म रुजवण्याचा होता, त्याला मुलामा द्यायचं कारण नाही. पण शिक्षण खरं होतं आणि गरिबाच्या मुलाला फुकट मिळत होतं. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला वाद्यवृंद हवा झाला तेव्हा लिहिलेले स्वर बघताक्षणी वाजवणारी माणसं आली ती या शाळांतून. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सेबॅस्टियन डिसोझा गोव्याचेच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) चर्चच्या क्वायरमास्तरांचे चिरंजीव. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणाऱ्या मैफली मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात केल्या. मराठी माणूस ज्या गाण्यांवर वाढला त्यांच्या पाठीमागच्या व्हायोलिनचा ताफा गोव्याच्या कुठल्यातरी गावातल्या चर्चच्या सज्जात तयार झालेला आहे. या शाळा नंतर एकेक करून मिटल्या. त्या जागी आले ते महोत्सव.

घरच्या संगीताचीही तीच गत. लदीन, म्हणजे गावकऱ्यांनी जमून गायची प्रार्थना, ज्यांनी ऐकलंय त्यांना वेगळं सांगायला नको. वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) संध्याकाळी मेणबत्त्या लागतात, फुलांचा हार पडतो, कोणीतरी पेटीतून व्हायोलिन काढून सूर लावतो. मग म्हातारी माणसं प्रार्थनेची ओळ उचलतात आणि बाकीचे खालच्या सुरात जोड देतात. कोणी हातवारे करत नसतं, कोणापुढे कागद नसतो. आजीच्या खालचा सूर आईनं धरलेला असतो, आईचा बघून मुलीनं. शेवटी उकडलेले चणे वाटतात, मोठ्यांना पेल्यात काहीतरी मिळतं, शेजारचे हिंदूही येऊन उभे असतात. दोन-तीन सुरांत एकत्र गाणं हे ज्या समाजात घराघरांत होतं, तिथल्या चर्चमध्ये गायला परगावचा क्वायर आणावा लागतो आणि गावकऱ्यानं पास काढून तो ऐकायचा, यातला विनोद आयोजकांना दिसत नसावा.

सगळ्याच महोत्सवांना मी एका दावणीला बांधत नाही. जुन्या गोव्यात टेकडीवरच्या कपेलाजवळ होणारा मोंते महोत्सव मला आवडतो. पाश्चात्त्य संगीत आत आणि भारतीय संगीत बाहेर अंगणात, सूर्यास्ताच्या वेळी, खाली मांडवी. जागेचा एवढा समंजस उपयोग क्वचित पाहायला मिळतो. तो महोत्सव आहे आणि महोत्सव म्हणूनच मिरवतो. माझी तक्रार आहे ती गावच्या चर्चनं त्याची नक्कल करण्याबद्दल. गावच्या चर्चनं नक्कल करायचीच तर लदिनाची करावी.

इथे एक पथ्य मात्र पाळायला हवं. घरचं सगळंच संगीत वेदीसमोर नेऊ नये. मांडो हे प्रेमाचं, विरहाचं नाचगाणं. ते चर्चमध्ये अवघडून जातं आणि ऐकणाराही अवघडतो. त्याला अंगण आहे, पॅरिश हॉल आहे. प्रार्थना आत, मग सगळ्यांनी बाहेर यायचं आणि तिथे कुटुंबांनी आपापलं गायचं: आजोबा-नातू, मायलेकी, तिघी बहिणी, ज्यांना जे येतं ते. मालिकेतला हा अर्धा भाग जास्त गर्दी खेचेल यावर मी पैज लावायला तयार आहे.

आता पैशांचं. ‘कलाकारांनी फुकट का गावं?’ हा आक्षेप हमखास येतो आणि तो वाजवी आहे. कोणीही फुकट गाऊ नये. ज्याचं पोट त्यावर आहे त्यानं तर नाहीच. पण तिकीट हा पैसे उभे करण्याचा एकच मार्ग नव्हे, आणि खरं तर फार तोकडा मार्ग आहे. दोनशे-तीनशे माणसं बसतील अशा चर्चमध्ये तिकीट लावून प्रवासखर्चही धड निघत नाही. उरलेलं शेवटी प्रायोजकच भरतो. मग प्रायोजकालाच ल्युबेकच्या व्यापाऱ्यासारखं सगळं भरू द्या आणि दार उघडं ठेवा. लंडनला ट्रफाल्गर चौकातल्या सेंट मार्टिन चर्चनं वेगळा तोडगा काढला आहे. दुपारची मैफल ऐच्छिक देणगीवर, मेणबत्त्यांच्या उजेडातली संध्याकाळची मैफल तिकिटावर. व्यवहार म्हणून तो चोख आहे. पण तो जमतो लंडनच्या मधोमध, पर्यटकांच्या लोंढ्यात. गोव्यातल्या सासष्टीच्या एखाद्या गावात किंवा वसईच्या पट्ट्यात तसं करू गेलं तर गावातली माणसं बाहेर आणि हॉटेलातली माणसं आत असा देखावा उभा राहील.

गोळा झालेला पैसा कुठे घालायचा याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: शिकवणाऱ्यावर. परदेशी क्वायरच्या विमानभाड्यात आणि हॉटेलात जेवढं जातं तेवढ्यात एका गावाला आठवड्यातून दोनदा येणारा संगीतशिक्षक वर्षभर ठेवता येईल. डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये गोव्यात सुरू केलेली चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन ही संस्था ज्यांना वाद्य विकत घेणं शक्य नाही अशा मुलांना व्हायोलिन आणि इतर वाद्यं शिकवते. पॅरिश शाळेचं सोडून दिलेलं काम एका खासगी संस्थेनं उचललं हे कौतुकाचं आहे. ज्यांनी सोडलं त्यांच्यासाठी तेवढंसं नाही.

नादाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण तिथे आपले आयोजक हटकून माती खातात. दगड-चुन्याच्या उंच वास्तूत सूर लगेच मरत नाही. भाषणाच्या हॉलमध्ये आवाज सेकंदभरात विरतो; मोठ्या दगडी चर्चमध्ये तो चार-पाच सेकंदही घुमत राहतो. संथ, लांब सुरांचं समूहगान या घुमण्यावरच बेतलेलं आहे. आधीचा सूर हवेत असतानाच पुढचा त्याच्यावर येऊन बसतो, आणि वीस माणसं साठांसारखी वाटतात. त्याच जागेत ड्रम आणि कीबोर्ड लावून जलद गाणं म्हटलं की नुसता गलका होतो. मग शब्द कळत नाहीत म्हणून माइक येतो, माइकचं कमी पडतं म्हणून खांबाखांबाला स्पीकर, आणि तो सगळा आवाज परत भिंतींवर आपटतो. मंडपाच्या कंत्राटदाराला यात रस असतो, समजू शकतं. फादरांनी तरी ‘माइक फक्त चार शब्दांच्या ओळखीपुरता’ असं ठणकावून सांगावं. पंखेही तेवढा तास बंद ठेवले तर ऐकणारे घामाघूम होतील खरे, पण आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, ऐकू येईल.

मराठीचा प्रश्न मला जास्त जवळचा आहे. वसईच्या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी आणि सामवेदी बोलणारा कॅथलिक समाज आहे. १९९८ पासून तिथे स्वतंत्र धर्मप्रांत आहे. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, तिच्याबरोबर पेटी-तबला आणि भजनाच्या चाली आल्या. प्रॉटेस्टंटांकडे तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग-ओवीच्या वळणाची गीतं आधीच दिलेली होती. अहमदनगरपासून मुंबईपर्यंत ती आजही म्हटली जातात. हे झालं ते उत्तमच. पण बहुतेक ठिकाणी एक विचित्र वाटणी होऊन बसली: इंग्रजी मिस्साला चार सुरांचा क्वायर आणि मराठी मिस्साला सगळ्यांचा एकच सूर. जणू मराठीत आल्टो-टेनर गाऊच शकत नाहीत. अभंगाची चाल तशीच ठेवून तिला खालचे सूर देता येतात, फक्त ते कोणीतरी बसून लिहायला हवेत. ते लिहिले जात नाहीत कारण गायला निमित्त नाही. आगमनकाळातल्या चार रविवारांची मालिका वसईत सुरू झाली तर चार वर्षांत मराठी समूहगीतांची वहीच तयार होईल, आणि ती मुंबई, पुणे, नगर, नाशिकच्या चर्चमध्ये पोचायला वेळ लागणार नाही.

बाहेरून येणाऱ्या एका संशयाचाही उल्लेख करतो. दार सगळ्यांना उघडं म्हटलं की कुठूनतरी कुजबुज सुरू होते, गाण्याच्या निमित्तानं धर्मप्रसार चाललाय. वास्कोतल्या दामोदर देवस्थानाच्या सप्ताहात दिवसरात्र भजन चालतं, गावोगावचे गायक-वादक आळीपाळीनं हजेरी लावतात, कोणालाही तिकीट पडत नाही आणि गर्दीत सगळ्या धर्मांचे लोक असतात. तिथे जाऊन कोणाचा धर्म बदलल्याचं ऐकिवात नाही. उलट बंद दारामागे निवडक पाहुण्यांसाठी काहीतरी चाललंय हेच संशयाला जास्त खाद्य पुरवतं. मुंबईत व्हिक्टर परांजोतींनी १९५६ मध्ये उभा केलेला क्वायर पुढे अनेक दशकं कुमी वाडिया या पारशी बाईंनी चालवला आणि त्यात चर्चचंही संगीत गायलं गेलं. गाणाऱ्यांना त्याची अडचण झाली नाही.

शेवटचा आक्षेप दर्जाचा. गावचे लोक गाणार म्हणजे बेसूर होणार. होईल. पहिली दोन वर्षं तर नक्की होईल. टेनर कमी पडतील, बास नुसते पुटपुटतील, मुलं मध्येच जांभया देतील. पाहुण्या क्वायरला माझी बंदी नाही, एका अटीवर: मैफलीच्या आधी दोन दिवस येऊन गावच्या पोरांना तालीम द्यायची आणि शेवटची दोन गीतं त्यांच्यासोबत गायची. परवानगीच्या पत्रात एवढी ओळ घालायला बिशपांना कोणाला विचारावं लागत नाही. ज्यांना निर्दोष तेच ऐकायचं आहे त्यांच्यासाठी नरिमन पॉइंटला एनसीपीए आहे, पणजीला कला अकादमी आहे. तिथे तिकीट काढावं, मीही काढतो.